तीन शर्यती आणि एक किनारा

आमच्या घरात कोणतं काम चालतं, असं कुणी विचारलं की आम्ही आधी एकमेकांकडे बघतो. घरातले दोघं शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतात, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक आहे. पण गेली अडीच वर्षं याच घरात मोबाइलवर खेळायचा एक गेम तयार होतोय, तोही स्पीडबोटींच्या शर्यतीचा, हे सांगितलं की समोरचा माणूस हसतो आणि विचारतो, "म्हणजे सर, वर्गात मुलांचे मोबाइल काढून घेता आणि घरी त्यांच्यासाठी गेम बनवता?" प्रश्न रास्त आहे. आम्हीही तो स्वतःला पुष्कळदा विचारला. त्याचं उत्तर शोधता शोधता जे शिकलो, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावं म्हणून हा लेख.

आम्ही म्हणजे चौघं. नवरा-बायको दोघं शिक्षक, मोठा मुलगा कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेला आणि धाकटी मुलगी, जी गेम सुरू केला तेव्हा नुकतीच दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. पाचवे म्हणाल तर मुलांचे नाना. नानांनी चाळीस वर्षं पाण्यावर काढली. आधी मचव्यावर खलाशी आणि नंतर मुंबई बंदरात लाँचवर सारंग. मोबाइलवर आलेला फोन उचलता येतो, त्यापलीकडे त्यांना त्यातलं काही कळत नाही. तरीही या गेमचं निम्मं श्रेय आम्ही त्यांना देतो.

सुरुवात २०२३ च्या मे महिन्यात झाली. मुलगा पुण्यात एका कंपनीत कंत्राटावर होता. कंत्राट संपलं, पुढे वाढवलं नाही आणि तो घरी परतला. कोकणातल्या मुस्लिम घरात अशा वेळी पहिला विचार आखाताचा होतो. कुवेतमध्ये असलेल्या त्याच्या मामूंनी व्हिसाची व्यवस्था करायची तयारी दाखवली. मुलगा म्हणाला, "अब्बा, मला एक वर्ष द्या. मला आपल्या खाडीतल्या बोटींचा गेम करायचाय." एक वर्ष म्हणजे घरात एका कमाईची वाट बघणं आणि हातात आलेला व्हिसा सोडणं. नातेवाइकांमध्ये बरीच चर्चा झाली. शेवटी आम्ही ठरवलं की वर्ष द्यायचं, पण त्याला एकट्याला सोडायचं नाही. सगळ्यांनी मिळून करायचं. त्या एका वर्षाची पुढे अडीच वर्षं झाली.

पाण्यावरच्या शर्यतीचे गेम आम्ही शोधून काढलेले नाहीत. निन्टेन्डो कंपनीने १९९६ मध्ये 'वेव्ह रेस ६४' आणला, त्यात लाटांवरून उसळत जाणारे जलस्कूटर होते. १९९९ मध्ये मिडवे कंपनीचा 'हायड्रो थंडर' आला. मॉलमधल्या गेम पार्लरमध्ये बसून स्टिअरिंग फिरवत खेळायचा, तसलं ते यंत्र. त्याचा पुढचा भाग २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या 'व्हेक्टर युनिट' नावाच्या एका छोट्या स्टुडिओने केला आणि मग २०११ पासून मोबाइलसाठी जलस्कूटरच्या शर्यतीचे 'रिपटाइड' गेम काढले. थोडकी माणसं असूनही असं काम होतं, हे पाहून मुलाला धीर आला. धाकटीला धीर मिळाला तो कॅरोल शॉ यांच्यामुळे. या अमेरिकन बाईंनी १९८२ मध्ये 'रिव्हर रेड' नावाचा गेम जवळजवळ एकहाती लिहिला. त्यात नदीवरून विमान उडवायचं असतं. साठवणीला जागा अवघी चार किलोबाइट. इतकी लांब नदी त्यात मावणार कशी? त्यांनी नदी साठवलीच नाही, खेळता खेळता गणिताने तयार होईल असं सूत्र लिहिलं. आपल्या फोनमधला एखादा साधा फोटोसुद्धा चार किलोबाइटच्या कितीतरी पट मोठा असतो. ते वाचल्यावर धाकटीने वहीच्या मुखपृष्ठावर त्यांचं नाव लिहून ठेवलं.

साधनं आम्हाला फुकट मिळाली, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पैशांअभावी मुलं मागे राहतात असं आपण समजतो. गेम बांधण्यासाठी 'गोडो' नावाचं सॉफ्टवेअर आहे. अर्जेंटिनातल्या दोघा जणांनी ते तयार केलं आणि २०१४ मध्ये सगळ्या जगासाठी खुलं केलं. ना फी, ना कमाईत वाटा. बोटी आणि बंदर घडवण्यासाठी 'ब्लेंडर', तेही मोफत. घरातला जुना कॉम्प्युटर, त्यात वाढवलेली मेमरी आणि रात्रीची वीज, एवढाच सुरुवातीचा खर्च.

आम्हाला वाटलं होतं की शर्यतीच्या गेममध्ये वेग ही अवघड गोष्ट असेल. वेग तर पहिल्या आठवड्यात जमला. अवघड निघालं पाणी.

रस्ता जागेवर असतो, गाडीचं चाक त्याला टेकलेलं असतं. पाणी एका जागी राहत नाही. पडद्यावर दिसणारं पाणी म्हणजे हजारो लहान त्रिकोण जोडून केलेली एक चादर असते. गणितातल्या साइन वक्राने ती चादर वर-खाली केली की लाटा दिसू लागतात. एकच वक्र वापरला तेव्हा आमची खाडी छपराच्या पन्हाळी पत्र्यासारखी दिसत होती. मग निरनिराळ्या लांबीचे आणि दिशांचे चार वक्र एकत्र केले, तेव्हा कुठे ते पाणी वाटायला लागलं. त्या पाण्यावर बोट तरंगायची तर बोटीच्या तळाला चार बिंदू मानायचे: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक बिंदू पाण्याखाली किती गेला ते मोजायचं आणि जितका बुडाला तितक्या जोराने त्याला वर ढकलायचं. आर्किमिडीजचा जो नियम आम्ही शाळेत पाठ केला होता, तोच. गंमत अशी की चादर हलवण्याचं काम फोनचा चित्र काढणारा भाग करतो आणि बोटीचा हिशेब दुसरा भाग करतो. दोघांचं घड्याळ जरासं चुकलं की बोट हवेत लोंबकळते, नाहीतर लाटेच्या पोटात शिरते. या एका घड्याळात आमचा अख्खा पावसाळा गेला.

नानांना पहिल्यांदा गेम दाखवला तेव्हा त्यांनी दोन मिनिटं टक लावून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, ही बोट आहे की तळ्यात बसलेली म्हैस?" नातवाचा चेहरा पडला. पण नाना तिथेच थांबले नाहीत. वेग घेताना बोटीची नाळ आधी कशी वर उचलली जाते, क्षणभर बोट कशी जड होते आणि मग पाण्यावर चढून सपाट झाली की कशी घसरत सुटते, हे त्यांनी तळहात हलवून दाखवलं. आम्ही त्यांच्या हाताचा व्हिडिओ काढला. पुढचे कित्येक दिवस तो व्हिडिओ थांबवत थांबवत मुलगा आकडे बदलत होता.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती वळणाची. गाडीच्या गेमची सवय असलेली मुलं वळण आलं की वेगाचं बटण सोडतात. नाना म्हणाले, "मागे इंजिन लावलेल्या बोटीचं इंजिन ढिलं सोडलंस की ती तुझं ऐकणार नाही. पाणी मागे फेकलं जातं म्हणून ती वळते. आणि वळते ती मागून, बूड बाहेर फेकून." हे खरं आहे. अशा बोटीत पंख्याचा जोरच दिशा देतो, आणि ब्रेक तर नसतोच. गेममध्ये आम्ही हे जसंच्या तसं ठेवलं. नवा खेळाडू पहिल्या वळणावर हमखास जेटीला धडकतो. चौथ्या-पाचव्या वेळी त्याच्या लक्षात येतं की वळणावर घाबरून हात सोडायचा नाही, थोडा जोर ठेवूनच वळायचं आणि त्यासाठी वेग वळणाच्या आधीच कमी करायचा. शिकवणाऱ्या माणसाला मुलाच्या चेहऱ्यावरचा तो क्षण ओळखता येतो. वर्गात शब्दाचा अर्थ उलगडल्यावर दिसतो, अगदी तसाच.

तिसरी गोष्ट भरती-ओहोटीची. आमची शर्यत ज्या खाडीवर बेतली आहे ती दाभोळची, जिथे वाशिष्ठी समुद्राला मिळते. एका काठाला दाभोळ, पलीकडे धोपावे, मध्ये माणसं आणि गाड्या नेणारी फेरीबोट आणि तोंडाशी अंजनवेलचा गोपाळगड. आम्ही एकच मार्ग आखला होता. नाना म्हणाले, "भरतीचा रस्ता वेगळा आणि ओहोटीचा वेगळा. ओहोटीला हा दांडा उघडा पडेल, इथून कोण जाईल?" त्यांनी आणखी सांगितलं की ओहोटीचं पाणी बाहेर ओढत असेल आणि वारा समुद्राकडून आत येत असेल, तर तोंडाशी लाट उभी राहते, आखूड आणि खडी. तेव्हा तिला तिरकं घ्यायचं. मग आम्ही त्याच खाडीच्या दोन शर्यती केल्या. भरतीला जवळचा रस्ता मोकळा असतो. ओहोटीला वाळूचे दांडे वर येतात आणि पाण्याचा रंग बघून वाट काढावी लागते. जाहिरातीतल्या गेमसारखे आगीचे लोळ आमच्याकडे नाहीत, पण खेळणारी मुलं खाडीचं पाणी वाचायला शिकतात.

घरातल्या दोघा शिक्षकांच्या वाट्याला भाषा आली. गेम मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तीन भाषांत करायचा हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. वाटतं तितकं ते सोपं नाही. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, अक्षरं एकमेकांत मिसळतात. कॉम्प्युटरला हे ठाऊक नसलं की अक्षरं सुटी होऊन उलट्या क्रमाने उभी राहतात. मराठीची जोडाक्षरंही अशीच तुटतात. नशिबाने मार्च २०२३ मध्ये गोडोची चौथी आवृत्ती आली, तिला या दोन्ही लिप्या नीट मांडता येतात. पण नस्तालीक लिपी तिरकी खाली उतरत जाते, तिला उभी जागा लागते. इंग्रजीच्या मापाने केलेल्या बटणात आमच्या शब्दांची डोकी कापली जात होती. सगळी बटणं पुन्हा काढावी लागली. शब्दांवरही खूप वाद झाले. गेम थांबवण्याच्या बटणाला उर्दूत 'लंगर' लिहिलं, मुलांना फार आवडलं. मराठीत त्यालाच नांगर म्हणतात, पण शेतकऱ्याच्या घरातली मुलं नांगर म्हटलं की बैल शोधतील, म्हणून तिथे साधं 'थांबा' ठेवलं. इंग्रजीतल्या लॅपला दोन्ही भाषांत शब्द काय द्यायचा यावर तीन रात्री गेल्या. मराठीत 'फेरी' राहिली, उर्दूत 'चक्कर'.

फोनचा प्रश्न निराळाच. चित्र गुळगुळीत हलायला हवं तर सेकंदाला साठ चित्रं लागतात. म्हणजे पाणी, बोटी, आवाज, सगळ्याचा हिशेब साधारण सोळा मिलिसेकंदांत संपायला हवा. मुलाच्या फोनवर ते जमत होतं. आमच्या विद्यार्थ्यांच्या घरी असतो तसल्या स्वस्त, जुन्या फोनवर गेम रखडत होता आणि दहा मिनिटांत फोन तव्यासारखा तापत होता. मुलगा म्हणाला की असले फोन सोडून देऊ. धाकटी म्हणाली, "मग खेळणार कोण?" तेव्हा स्वस्त फोनसाठी सेकंदाला तीस चित्रं ठेवली, लांबच्या लाटा सपाट केल्या, किनाऱ्यावरच्या माडांची संख्या निम्मी केली. धाकटीने जीव ओतून काढलेले माड होते ते. तिने स्वतःच्या हाताने काढून टाकले.

गेम दुकानात ठेवण्याआधीची एक पायरी सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या खानदानाने मिळून चढली. गुगलच्या प्ले स्टोअरवर खातं उघडायला एकदाच पंचवीस डॉलर भरावे लागतात. पण नव्या वैयक्तिक खात्याला आणखी एक अट आहे: किमान बारा माणसांनी सलग चौदा दिवस चाचणीत सहभागी राहायला हवं. बारा माणसं आणायची कुठून? मुंब्र्याची खाला, चिपळूणचे चाचा, मामेभाऊ, आतेबहिणी, कुवेतचे मामू, सगळ्यांना गळ घातली. दोहामध्ये असणाऱ्या फुफींनी आयुष्यात गेम खेळलेला नव्हता. पहिल्या दिवशी त्या पंधरा मिनिटं एकाच जेटीला धडकत राहिल्या. चौदाव्या दिवशी ओहोटीच्या शर्यतीतली सगळ्यांत कमी वेळ त्यांच्या नावावर होती आणि त्या भाच्याला फोनवर सांगत होत्या, "बेटा, डावीकडचा दांडा जरा लहान कर, फार त्रास देतो."

इथपर्यंतची गोष्ट मेहनतीची आहे. यापुढची नियतीची... म्हणजे नशिबाची नव्हे, नियत ठेवण्याची.

२०२५ च्या उन्हाळ्यात एका कंपनीचा निरोप आला. छोट्या लोकांचे गेम घेऊन ते मोठ्या प्रमाणात पसरवणं हा त्यांचा व्यवसाय. त्यांना खाडी आवडली होती, बोट आवडली होती. आगाऊ म्हणून जी रक्कम त्यांनी सांगितली ती आमच्या घराच्या दोन वर्षांच्या खर्चाएवढी होती. बोलणारा माणूस सभ्य होता, घाई करत नव्हता. फक्त चार बदल हवे होते.

पहिला बदल आमच्या संध्याकाळीचा. आमच्या गेममध्ये तीन शर्यती झाल्या की सूर्य मावळतो. साधारण दहा मिनिटं होतात. बोट आपोआप जेटीला येते, दोर बांधला जातो, त्या दिवशीच्या वेळा दिसतात आणि गेम शांत होतो. पुन्हा खेळायला मनाई नाही, पण गेम बंद करून नव्याने उघडावा लागतो. ही कल्पना नानांची. अंधार पडला की लहान बोट बाहेर काढायची नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. कंपनीचं म्हणणं, हे आधी काढा. खेळाडू गेमच्या बाहेर पडण्याचा क्षण आपण स्वतःच कसा काय देतो? या धंद्यात पहिल्या दिवशी आलेल्यांपैकी दुसऱ्या दिवशी किती परतले, सातव्या दिवशी किती आणि तिसाव्या दिवशी किती, हे आकडे सगळ्यांत महत्त्वाचे मानतात.

दुसरा बदल: बोटीला इंधन द्या. ते संपलं की वाट बघायची, जाहिरात बघायची किंवा पैसे भरायचे. तिसरा: रोज हजेरीचं बक्षीस ठेवा, आणि एक दिवस चुकला तर आधीची सगळी हजेरी पुसली जावी. चौथा बदल पेटीचा. सोन्याची बोट थेट विकायची नाही. बंद पेटी विकायची. शंभरात एका पेटीत सोन्याची बोट, बाकीच्यांत किरकोळ काहीतरी.

आमच्या दोघांच्या मनात त्याच क्षणी बी.एड.चा मानसशास्त्राचा पेपर उभा राहिला. स्किनर यांची कबुतरं प्रत्येक डी.एड., बी.एड. शिक्षकाला आठवत असतील. कळ टोचली की दाणा मिळतो, हे कबुतर शिकतं. दर वेळी दाणा दिला आणि मग बंद केला तर ते लवकरच टोचणं सोडून देतं. पण दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही, केव्हा मिळेल याचा नेम नाही, असं केलं तर कबुतर थांबतच नाही. दाणा बंद झाल्यावरही बराच वेळ टोचत राहतं. परीक्षेला आम्ही यावर दहा गुणांचं उत्तर लिहिलं होतं. आता तेच उत्तर एका व्यापाराच्या कागदावर आमच्या समोर होतं, आणि कबुतराच्या जागी सहावी-सातवीतली मुलं होती.

ही मुलं आम्हाला काल्पनिक नाहीत. आमच्या वर्गातल्या एका मुलाची आई शाळेत येऊन रडली होती. मुलगा रात्री दोनला उठून कुठल्याशा गेमची हजेरी लावत होता, कारण चुकली तर चार महिन्यांची कमाई जाणार होती. तो मुलगा वाया गेलेला नाही. उलट जबाबदार आहे, म्हणूनच तर उठत होता. त्याच्या त्या चांगल्या गुणालाच गळ लावला होता.

घरात चार दिवस वाद झाला. तो इथे गोड करून सांगणार नाही. मुलगा म्हणाला, "अब्बा, अम्मी, तुमचा पगार दर महिन्याला येतो. तत्त्व तुम्हाला परवडतं. माझा व्हिसा गेला, दोन वर्षं गेली." या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरं होतं. पेटीतल्या बोटीचे परत पैसे होत नाहीत, म्हणून हा जुगार नव्हे, असं कंपनीने लिहून दिलं होतं, तेही त्याने दाखवलं. आम्ही म्हणालो की पैसे देऊन नशीब आजमावणं याला आपल्या घरात काय म्हणतात ते तुला माहीत आहे. बेल्जियमसारख्या देशानेही २०१८ मध्ये पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या अशा पेट्यांना जुगारात धरलं. पण निर्णय आम्ही त्याच्यावर सोडला. गेम त्याचा होता आणि गेलेली दोन वर्षंही त्याचीच होती.

त्याने दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळी त्याने एक कागद पुढे केला. कॉम्प्युटरवर त्याने शंभर खोटी मुलं तयार केली होती आणि प्रत्येकाला शंभर पेट्या उघडायला लावल्या होत्या. शंभरात एक, म्हणजे शंभर पेट्यांत बोट मिळणारच, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. गणित सांगतं की शंभर पेट्या उघडूनही शंभरातली सुमारे सदतीस मुलं रिकाम्या हाताने राहतात. "ही सदतीस," तो म्हणाला, "एकशे एकावी पेटी घेणार. कंपनीचा नफा यांच्यावर आहे." नकाराचं पत्र त्याने स्वतः लिहिलं. आम्ही फक्त शुद्धलेखन पाहिलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा मंजूर केला. शेजाऱ्यांनी येऊन सांगितलं, "बरं झालं, तुम्ही वाचलात." तसं नाही. तो कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांबद्दल आहे. मुलाला रात्री दोनला उठवणाऱ्या हजेरीला कोणताही कायदा अडवत नाही. तिथे गेम करणाऱ्याची नियत आणि घरातल्या मोठ्यांचं लक्ष, एवढ्या दोनच गोष्टी उरतात.

आज आमचा गेम प्ले स्टोअरवर आहे. पहिल्या तीन शर्यती मोफत, बाकीचा गेम एकदाच नव्व्याण्णव रुपये भरून कायमचा घ्यायचा. त्यातले पंधरा टक्के गुगल ठेवतं. जाहिरात नाही, पेटी नाही, इंधन नाही. गेल्या महिन्यात घरात तीन हजार सहाशे रुपये आले. इंटरनेट आणि विजेचं बिल भागलं, नानांना नवा चष्मा झाला. मुलगा दुपारपर्यंत एका फर्मसाठी घरून काम करतो आणि संध्याकाळी नव्या शर्यतीवर बसतो. मामूंनी पुन्हा व्हिसाचं विचारलं आहे. तो जाईल की राहील, अजून ठरलेलं नाही. गेला तर खाडी सोबत घेऊन जाईन, असं म्हणतो. धाकटी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची तयारी करते आहे.

सगळे गेम वाईट, असं म्हणून मोबाइल हिसकावून घेणाऱ्यांत आम्ही आता नाही. आतून एक गेम बांधल्यावर कळलं की त्यात गणित आहे, चित्रकला आहे, भाषा आहे, आणि मुलाने स्वतःहून दहा वेळा प्रयत्न करणं आहे. म्हणून आई-वडिलांना आमची एवढीच विनंती. मुलाच्या फोनवर जो गेम आहे, तो त्याच्या शेजारी बसून अर्धा तास खेळून बघा आणि तीन प्रश्न विचारा. या गेममध्ये थांबायची जागा आहे का? उद्या खेळलं नाही तर गेम मुलाची काही शिक्षा करतो का? पैसे भरण्याआधी काय मिळणार ते स्पष्ट दिसतं का? गेमच्या नावाखाली स्टोअरमध्येच लिहिलेलं असतं की त्यात जाहिराती आहेत की नाहीत आणि आत खरेदी आहे की नाही. ते डाउनलोड करण्याआधी वाचा. खरेदीला पासवर्ड लावायची सोय सेटिंगमध्ये आहे, ती आजच लावा.

आणि मुलगा चांगला खेळत असेल तर त्याला विचारा की हा गेम कुणी बनवला असेल, कसा बनवला असेल. आमच्या सातवीच्या वर्गात आम्ही हे विचारलं. आता दर शनिवारी शाळा सुटल्यावर नऊ मुलं आणि पाच मुली थांबतात. शाळेच्या दोन जुन्या कॉम्प्युटरवर सध्या एक चौकोन डावीकडून उजवीकडे पळतो आणि भिंतीला धडकतो. पुढच्या शनिवारी त्याला वळायला शिकवायचं आहे.